मावशीच्या आवाजातली माफी

माझ्या मावशीने एका माणसाला माफ केले, ही गोष्ट शिरोळकडच्या तिच्या गावात सकाळच्या दुधाच्या वेळेपर्यंत घरोघरी पोचली होती. मावशीला ती कळली, तो माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन तिच्या दारात उभा राहिला तेव्हा.

हा माणूस गावातल्या मोठ्या दूध संस्थेचा चेअरमन. मोठ्या पुरापासून मावशी त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. त्याच्या संस्थेची इमारत बौद्ध वस्तीच्या तोंडाशीच आहे. मावशीकडे एक म्हैस आहे. ती किटली घेऊन निघते, ती इमारत मागे टाकते आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, एसटी थांब्यामागच्या छोट्या संस्थेत दूध घालते. तिथे फॅट कमी लागते, म्हणजे दर कमी मिळतो, हे तीच सांगते. पावसाळ्यात त्या वाटेने किटली सांभाळत चालणे सोपे नाही. ती का जाते हे गावाला माहीत आहे, आणि गावाला माहीत राहावे म्हणूनच ती जाते.

त्या सकाळी चेअरमन तिला 'वैनी' म्हणाला. आजवर तो तिला नावाने, अगं-तुगं करून हाक मारायचा.

"वैनी, ऐकलं बगा तुमचं. लई हलकं वाटलं मला."

"काय ऐकलास?"

"आता लाजताय कशाला? मोबाइलवर आलंय की. सगळ्या गावानं ऐकलंय."

त्याने मोबाइल पुढे धरला. पडद्यावर नदी, एक बोट, मग एका घराचा उंबरा आणि उंबऱ्यात बसलेली म्हातारी, सगळे चित्रातले. म्हातारी मावशीच्या आवाजात म्हणाली, "व्हय. माफ केलं. जा आता घरला." चेअरमनने हात जोडले, पुडा कट्ट्यावर ठेवला आणि मावशीने काही बोलायच्या आत तो गेला.

तिने मला कोल्हापुरात फोन केला. "आवाज माझा हाय. पर मी असं बोललेली न्हाय. कुठनं आलं हे, तू सांग."

मला माहीत होते. तिने म्हणून दाखवलेले ते शब्द मी ओळखत होते. तिन्ही तुकडे मी लिहिलेल्या संहितेतले होते, तीन वेगवेगळ्या प्रसंगांतले.

पुरातली हकीकत आधी सांगायला हवी. ती कुठे छापून आलेली नाही.

पाणी गावात शिरले तेव्हा गावाच्या वाट्याला एकच इंजिनाची बोट आली. ती चालवण्याची सवय या चेअरमनला होती, म्हणून बोट त्याच्या ताब्यात गेली. वस्तीतली माणसे समाजमंदिराच्या स्लॅबवर चढून बसली होती. मावशी आणि तिचा नवरा त्यांत होते. माझा मावसा दम्याचा रुग्ण, आणि वरून पाऊस. दुपारी बोट स्लॅबच्या इतक्या जवळून गेली की आतल्या पोत्यांवरची अक्षरे वाचता येत होती. पेंडीची पोती होती. गावठाणातल्या म्हशी शाळेच्या उंचवट्यावर बांधल्या होत्या, त्यांच्यासाठी. बोटवाल्याने हात वर केला, "आलोच" म्हणाला आणि पुढे गेला. तो आला दुसऱ्या दिवशी. मावसा छावणीत वारला. डॉक्टरांनी कारण दमा असे लिहिले, आणि ते चूक नव्हते. इंजिन बंद पडले नव्हते. तेल संपले नव्हते. बोटीत जागा नव्हती एवढेच खरे, आणि जागा का नव्हती ते स्लॅबवरच्या प्रत्येकाने पाहिले होते.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका दैनिकात डेस्कवर होते. आमच्या पानावर या माणसाचा फोटो आला: बोटीत उभा, हातात वासरू. खालच्या ओळीत त्याला देवदूत म्हटले होते. ती ओळ लिहिणाऱ्या सहकाऱ्याला मी स्लॅबवरचा प्रकार सांगितला. तो म्हणाला, दोन्ही बाजू घ्याव्या लागतील आणि पानात तेवढी जागा नाही. देवदूत लिहिताना त्याला दुसरी बाजू लागली नव्हती.

पुढे मी पेपर सोडला. भाषांतरे, संपादन अशी कामे करू लागले. त्यातूनच कोल्हापुरातल्याच उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या एका तरुणाने मला गाठले. पुण्यातली नोकरी सोडून तो आणि त्याचे दोन मित्र व्हिडिओ गेम तयार करत होते. गोळ्या झाडायचा गेम नव्हे, गोष्टीचा. खेळणारा माणूस पुरातला बोटवाला होतो. ठरावीक जागी गेम थांबतो, दोन वाटा दाखवतो, आणि खेळणारा जी निवडेल तिच्यावर पुढची गोष्ट आणि शेवट ठरतो. त्याला नदीकाठची बोली येणारे कुणीतरी संवाद लिहायला हवे होते. मी त्याला स्लॅबची आणि पोत्यांची हकीकत सांगितली. तो म्हणाला, "मॅडम, हीच आपली मुख्य निवड. बोटीत पेंड आहे, समोर स्लॅब आहे. काय करायचं?"

मावशीला विचारूनच मी ते लिहिले. म्हातारीचा आवाज तिने द्यावा ही कल्पना त्या तरुणाची. मावशी आधी हसली. मग वस्तीत सगळ्यांना सांगून आली.

त्यांचे ऑफिस एका लेथ वर्कशॉपच्या वर होते. उद्यमनगराच्या सुट्टीच्या दिवशी लेथ बंद असताना रेकॉर्डिंग व्हायचे. भिंतींना सोलापुरी चादरी लावलेल्या. मावशी इस्त्रीचे पातळ नेसून यायची. कुणाला दिसणार नाही म्हटले तर म्हणायची, "मला दिसतंय की." तिला माइकसमोर बसायला आवडले, हे मी इथे नोंदवते, कारण पुढे तिने जे सोडून दिले ते नावडते नव्हते. वाचून म्हणायला सांगितलेली वाक्ये ती तिच्या पद्धतीने बदलायची आणि ती बदललेली वाक्ये माझ्यापेक्षा चांगली असायची. स्लॅबचा प्रसंग तिने न वाचता सांगितला. पोत्यांवरची अक्षरेसुद्धा. तो तरुण खोलीबाहेर जाऊन उभा राहिला होता.

शेवट मी असा लिहिला होता. पाणी ओसरल्यावर बोटवाला म्हातारीच्या दारात येतो. मधल्या काळात त्याने काय केले असेल, त्याप्रमाणे तो काय बोलतो ते बदलते. तीही वेगवेगळे बोलते. एका ठिकाणी ती त्याला पाणी देते. एका ठिकाणी त्याच्या मुलीची चौकशी करते. माफ मात्र कुठेच करत नाही. मावशीच्या तोंडचे वाक्य होते: "माफ केलं म्हनू? मग ह्यांच्या फोटोम्होरं कुठल्या तोंडानं बसू?"

त्यातले "माफ केलं" एवढे दोन शब्द ठेवून बाकीचे कापले होते. आधीचा "व्हय" दुसऱ्या प्रसंगातला. शेजारीण विचारते, च्या घेतलास काय, त्याचे उत्तर. आणि "जा आता घरला" हे ती दावे तोडून आलेल्या रेडकाला म्हणते, "जा आता घरला, तुझी आई ओरडत असंल." क्लिप ऐकणाऱ्यांना त्या माफीत जी माया ऐकू आली, ती रेडकासाठी होती.

डेस्कवर पहिल्याच महिन्यात शिकवतात: बोलणाऱ्याचे वाक्य छोटे करता येते, दोन वाक्यांचे एक करता येत नाही. नवशिक्या उपसंपादकालाही त्यासाठी बोलणी बसतात.

दुसऱ्या दिवशी मावशी एसटीने आली आणि आम्ही उद्यमनगरात गेलो. खाली लेथ चालू होते. जिन्यात ती दोनदा थांबली. वर गेल्यावर तिने आधी त्या तरुणाकडे नीट बघितले आणि म्हणाली, "वाळलाईस रं. जेवत न्हाईस व्हय?"

"कामात होतो ओ मावशी. गेमचा ट्रेलर बघितला ना? लोकांना लई आवडलाय."

"मला दाखवाय पेढं घिऊन आलता त्यो."

"कोण?"

"तुझा बोटवाला."

त्याला समजायला वेळ लागला. खरा बोटवाला आहे, तो त्याच गावात राहतो, त्याच्याकडेही मोबाइल आहे, हे त्याच्या डोक्यातच आले नव्हते. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "पण आपण नाव कुठं घेतलंय कुणाचं?"

"आवाज घेतलाय," मी म्हणाले. "गावात आवाजाला नाव लागत नाही."

मग त्याने कारण सांगितले. पुण्या-बंगळुरूच्या काही जणांना गेम आधी खेळायला दिला होता. त्यांची तक्रार आली की शेवट शिक्षेसारखा वाटतो. मधे बोटवाल्याकडून एवढी चांगली कामे करून घेतली, घरे उभारली, टँकर आणले, आणि तरी म्हातारी माफ करत नाही, तर खेळून मिळाले काय.

"कॅरेक्टर बदललं पाहिजे मॅडम. सगळी गोष्ट त्याच्या बदलण्याची आहे."

"तो बदलतोच. तसंच लिहिलंय मी."

"पण बदलला हे प्लेअरला कळणार कसं? कुणीतरी म्हणायला पाहिजे ना."

"म्हणून मावशी."

"त्यांच्या तोंडून इमोशनल वाटतं ओ ते."

मावशी चादरीच्या कडेचा दोरा ओढत बसली होती. ती म्हणाली, "मला इचारायचं हुतंस की. फोन हाय माझ्याकडं."

"मावशी, खरं सांगू? तुम्ही नाही म्हणाला असता."

"मग?"

मला वाटते, आपण काय बोललो ते त्यालाही ऐकू आले असावे. पण तो मागे हटला नाही. त्याने तडजोड काढली. तुमचा मूळ शेवट काढलेला नाही म्हणाला. तो आहे. बोटवाल्याने सगळीकडे वाईट वागणे निवडले, मदत नाकारली, खोटे बोलला, तर म्हातारी माफ करत नाही, तो शेवट मिळतो. चांगला वागला तर माफी मिळते. म्हणजे दोघांचेही राहिले.

मी आयुष्यात ऑफिसांमध्ये आवाज चढवलेला नाही. तिथे चढवला. खालचा लेथ बंद झाल्यावरही मी बोलत होते, हे मला नंतर मावशीने सांगितले. मी जे म्हणाले ते शांतपणे लिहिले तर एवढेच आहे: या गेममध्ये निवड फक्त बोटवाल्याला आहे. स्लॅब सोडून पुढे जाण्याची निवड त्याची. मागाहून चांगले होण्याची निवडही त्याची. म्हातारीला निवड नाही. तो चांगला खेळला तर ती बक्षीस देणार, वाईट खेळला तर शिक्षा देणार. दोन्ही वेळा ती त्याच्याच बटणावर चालणार. तिचा नवरा मेला तो त्याने बदलावे म्हणून, आणि ती जगली ती त्याला बदललास असे सांगावे म्हणून. हे पुरात झाले, आमच्या पेपरात झाले, आणि आता चादरी लावलेल्या खोलीत तिच्याच आवाजाने होत होते.

"करारात एडिटिंगचा हक्क आमचा आहे, मॅडम," तो हळू म्हणाला. त्याला ते बोलायची लाज वाटत होती. तरी बोलला.

शेवटी त्याने दोन पर्याय ठेवले. शेवट तो बदलणार नाही. मावशीला नको असेल तर तो तिचा आवाज काढेल, पण मग सगळाच काढावा लागेल. अर्ध्या गेममध्ये एक म्हातारी आणि अर्ध्यात दुसरी, असे चालणार नाही.

सगळा आवाज म्हणजे स्लॅबही. बोट जवळून गेली, पोत्यांत पेंड होती, तो 'आलोच' म्हणाला, हे मावशीच्या तोंडून जगात एकाच ठिकाणी नोंदलेले होते, आणि ते ठिकाण हा गेम होता. ते ठेवायचे तर माफीही ठेवावी लागणार होती. मावशीला मी हे समजावून सांगितले. तिला ते आधीच कळले होते.

"त्यो स्लॅबचा भाग एकदा लाव," ती त्याला म्हणाली.

त्याने तिच्या कानांना हेडफोन लावले. आम्हाला काही ऐकू येत नव्हते. ती डोळे उघडे ठेवून ऐकत होती. मधे एकदा तिने मान हलवली, जशी कुणाच्या बरोबर बोलण्याला हलवतात. संपल्यावर हेडफोन काढता काढता तिच्या केसांत अडकले, ते सोडवायला त्याने हात पुढे केला. तो तिने बाजूला केला.

"चांगलं बोलल्यालं की मी," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "काढ समदं."

"मावशी, विचार करा."

"काढ म्हनलं न्हवं."

क्लिप त्याने त्याच दिवशी इंटरनेटवरून उतरवली. गावातल्या मोबाइलांवरून ती उतरणार नव्हती. गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर माझ्या मावसभावाने खुलासा टाकला, की आवाज कापून जोडलेला आहे, आईने कुणाला माफ केलेले नाही. गट चेअरमनचा पुतण्या चालवतो. खुलासा काही मिनिटांत पुसला गेला. माफीची क्लिप तिथेच राहिली, तिच्याखाली हात जोडलेली चित्रे वाढत होती.

मी दोन दिवस गावी राहिले. दुसऱ्या सकाळी मावशी किटली घेऊन निघाली आणि मोठ्या संस्थेच्या दारात थांबली. पुरानंतर त्या पायरीवर ती प्रथमच चढत होती. रांग होती. चेअरमन फॅटच्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसला होता. तिला बघून तो उठला. रांगेतल्या दोघांनी तिला वाट करून दिली. त्यांना वाटले, दूध घालायला आली.

"वैनी, या की. खुर्ची द्या रं वैनीस्नी."

"बसाय न्हाय आलो. त्या मोबाइलात आवाज माझा हाय. माफी माझी न्हाय. पोरांनी कापून जोडलंय. मी तुला माफ केल्यालं न्हाय. ऐकलास न्हवं? ह्या समद्यांनी ऐकलं न्हवं?"

मशीन घरघरत होते. चेअरमनने आजूबाजूला पाहिले आणि हसला.

"आवो वैनी, गेम हाय त्यो. पोरांचा खेळ. एवढं काय मनाला लावून घेताय?"

रांगेत हशा पिकला. मोठा नाही, पण पिकला.

"खेळ हाय तर पेढं कशापायी आणलंतास?" मावशी म्हणाली.

हशा थांबला. चेअरमनने मशीनवाल्याला पुढचे दूध घ्यायला सांगितले. मावशी पायऱ्या उतरली आणि एसटी थांब्याकडे चालू लागली. वाटेत तिला दोन बायका भेटल्या. एक म्हणाली बरे केलेस. दुसरी म्हणाली, झाली की आता लई वर्षं, कशाला वाढवायचे. दुसरी आमच्याच वस्तीतली होती. मावशी तिच्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही.

गेम काही महिन्यांनी बाजारात आला. म्हातारीचा आवाज नाटकात काम करणाऱ्या एका बाईंचा आहे. त्यांची बोली जरा पातळ आहे, पण काम चांगले आहे. माफीचा संवाद आता जोडलेला नाही, नीट लिहिलेला आहे, पण तो मी लिहिलेला नाही. श्रेयनामावलीत माझे नाव नको असे मी कळवले होते. ते त्यांनी पाळले.

गेमचे कौतुक झाले. नदीकाठच्या माणसांची पहिली खरी गोष्ट असे कुणीतरी म्हटले. यूट्यूबवर खेळून दाखवणारी मुले असतात, त्यांतल्या एकाचा व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला. बोटीत पेंडीची पोती आहेत, समोर स्लॅब आहे, गेम थांबला आहे. तो मुलगा बघणाऱ्यांना सल्ला देतो: पहिल्या वेळी स्लॅबकडे जाऊ नका. म्हातारा वाचतो, पण मग गेम तिथेच आटोपतो. रडवणारा शेवट हवा असेल तर आधी पुढे निघून जा. त्याने बोट पुढे नेली. खाली शेकडो जणांनी त्याचे आभार मानले होते.

हे मी मावशीला सांगणार नव्हते. तिनेच विचारले. तिच्या नातवाने मोबाइलवर गेम घेतला होता आणि तिला तो बघायचा होता, नव्या बाईचा आवाज कसा आहे ते. आम्ही उंबऱ्यात बसून लावला. स्लॅब आला. दोन वाटा आल्या.

"हिकडं गेलं तर काय हुतंय?" तिने स्लॅबवर बोट ठेवले.

"मावसा वाचतो. पण गेम लगेच संपतो. पुढचं काही दिसत नाही."

"संपू दे की."

मी बोट वळवली. पेंडीची पोती पाण्यात गेली. म्हातारा आणि म्हातारी बोटीत बसली, बोट काठाला लागली आणि पडदा काळा झाला. म्हातारीच्या वाट्याला या शेवटात एकही वाक्य नव्हते. काळ्या पडद्यावर मजकूर आला: तुम्ही तीनपैकी एक शेवट पाहिलात. बाकीचे शेवट पाहण्यासाठी पुन्हा खेळा.

मावशीने तो मजकूर मला वाचायला लावला. वाचून झाल्यावर तिने मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि पालथा ठेवला.